एकोणचाळीस

लानो लीग, एक्कावन्नचा मोसम, सर्वाधिक होमरन:
हर्शेल टॅकेट चाळीस.
ऑर्व्हिल प्रूइट एकोणचाळीस.
सिरिलो बुस्तामांते तेहतीस,
आणि मग बरीच नावं एकमेकांना खेटून,
बारीक खिळ्यांत जुळवलेली,
न्हाव्याच्या आरशाशेजारच्या कात्रणात
आता साबणाच्या डागाखाली गेलेली.

एकोणचाळीस.
हा आकडा स्वतःचं नाव सांगतानाच
काय कमी पडलं ते सांगून टाकतो.

मेची बारा तारीख. टेक्सासच्या सपाट टोकाला
ड्राय फोर्क नावाचं गाव. कापसाचं जिन,
धान्याची उंच कोठी, आणि दोहोंच्या मध्ये मैदान,
गवत कमी, वाळू जास्त.
चौथा डाव. ऑर्व्हिलच्या दाढेत कळ,
गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला.
तो म्हणे, चेंडू दिसलाच नाही,
बॅटवरून गेला तेव्हा ऐकू आला फक्त.

गेला तो उजव्या कुंपणावरून,
रेल्वेच्या फाट्यावरून,
ओफेलिया सांतियानच्या अंगणात
भिजत घातलेल्या चादरींच्या टबात.
डुब्ब.
तिनं वर पाहिलं. आभाळ रिकामं होतं.

इकडे रिवाजाप्रमाणे ऑर्व्हिल
जाळीच्या कडेकडेनं चालला,
आणि खुराड्याला लावतात तसल्या त्या तारेच्या भोकांतून
लोकांनी घड्या केलेल्या नोटा सरकवल्या,
एकेक डॉलर, सरकीचा वास असलेला.
एका पोराकडे नोट नव्हती, त्यानं बोट सरकवलं.
ऑर्व्हिलनं तेही धरून हलवलं.
चौदा डॉलर.

मग पश्चिमेकडून ती भिंत आली,
तपकिरी, आवाज नसलेली.
आधी कोठी गेली, मग दिवे, मग पिचर.
अंपायरनं तोंडाला रुमाल बांधून अर्धा तास वाट पाहिली
आणि सामना रद्द केला.
पाच डाव झाले नाहीत म्हणजे काहीच झालं नाही.
नियम तसा आहे.
गुणलेखक क्लेटस हाइन रात्री स्वयंपाकघरात बसून
खोडरबर चालवत होता.
बायकोनं विचारलं, कोण जिंकलं?
म्हणाला, आजचा दिवस धरायचा नाही.

नोटा मात्र कुणी परत मागितल्या नाहीत.
सोळा मैलांवरच्या दंतवैद्यानं बारा घेतल्या,
दाढ कागदात बांधून हातात दिली.
उरलेल्या दोनांचं काय झालं
ते ऑर्व्हिलला आठवत नसे.

सप्टेंबरात, शेवटच्या सामन्यात, एक हवा होता.
त्यानं मारलेला चेंडू कुंपणाच्या वरच्या फळीवर बसला,
क्षणभर विचार केल्यासारखा,
आणि आत पडला.
त्याच रात्री दोनशे मैलांवर टॅकेट
तापानं फणफणत झोपून होता, चाळीसवर.

पुढं वीस वर्षं ऑर्व्हिल जिनमध्ये गाठींचं वजन करायचा.
अर्धा पौंड इकडचा तिकडे नाही.
केस कापायला आला की मागायचा
कात्रणाकडे पाठ असलेली खुर्ची.
न्हाव्यानं एकदा धीर करून विचारलं.
तर म्हणाला, इथं वारा येतो.

आणि ओफेलियाला कुठं ठाऊक होतं
की तिच्याकडे आलेला चेंडू
कधी मारलाच गेलेला नाही.
उन्हात वाळवून तिनं तो शिवणाच्या डब्यात टाकला.
मोज्याच्या टाचेत घालून रफू करायला
याच्यासारखं दुसरं काही नाही, ती शेजारणींना सांगे,
लाकडी गोळा निसटतो, हा धरून ठेवतो.
नवरा, तीन मुलगे, मागून जावई.
किती टाचा झाल्या असतील
कुणी मोजल्या नाहीत.